नस जाळायची की नाही, हे एमआरआयवरून ठरवू नका

वडिलांची कंबर वर्षभर दुखतेय, एमआरआयमध्ये फॅसेट सांधे झिजलेले दिसले, डॉक्टरांनी रेडिओफ्रिक्वेन्सी (आरएफ, म्हणजे सुईतून उष्णता देऊन नस निकामी करणं) सुचवली आणि नस जाळली की पाय लुळा पडेल अशी तुम्हाला धास्ती आहे. मी स्वतः हे करून घेतलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पायाला ताकद देणाऱ्या नसांना यात हात लावत नाहीत. मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांचं, म्हणजे फॅसेट सांध्यांचं, दुखणं वर पोचवणारी बारीक फांदी असते, मीडिअल ब्रँच. तेवढीच निकामी करतात. एका सांध्याला दोन फांद्या येतात, त्यामुळे सुया किमान दोन. एक्स-रेवर बघत सुई टेकवली की आधी हलका करंट सोडतात. पाठीचा स्नायू थरथरला तर चालतं, पाय उडाला तर सुईची जागा बदलतात. मग जागा बधिर करून साधारण ८० अंशांवर मिनिट-दीड मिनिट उष्णता. टाके नाहीत, बहुतेक त्याच दिवशी घरी.

माझ्या मते पायाच्या भीतीपेक्षा तुम्ही काळजी करावी ती चाचणी ब्लॉकची. झीज तर कंबर अजिबात न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही दिसते. म्हणून आधी त्याच फांद्यांवर थोडं बधिरीचं औषध देऊन बघतात, हाच चाचणी ब्लॉक. असर काही तासच टिकतो. त्या तासांत वडिलांना झोपवून ठेवू नका! वाकणं, उभं राहणं, जिना, ज्याने एरवी दुखतं ते डॉक्टरांना विचारून करायला लावा आणि दर तासाला दहापैकी किती दुखतंय ते लिहा. पेनकिलर त्या सकाळी घ्यायची की नाही, तेही आधी विचारा, नाहीतर आराम कशाने पडला ते कळणारच नाही. ‘जरा बरं वाटलं’ हे उत्तर धरू नका. कित्येक डॉक्टर ८० टक्के आराम मागतात आणि ब्लॉक दोनदा करतात. कटकट वाटते, पण मला तेच पटतं. २०१७ मध्ये नेदरलँड्समध्ये पेशंटवर झालेल्या अभ्यासांत व्यायामाला आरएफची जोड देऊनही नुसत्या व्यायामापेक्षा म्हणण्यासारखा फायदा दिसला नव्हता; त्यावर मुख्य आक्षेप हाच होता की पेशंट सैल निकषांवर निवडले.

नंतरचे एक-दोन आठवडे जागा ठणकते, काहींना उन्हाने भाजल्यासारखी कातडीची आग होते. खरा आराम कळायला दोन ते चार आठवडे. नस पुन्हा वाढते, त्यामुळे आराम टिकतो सहा महिने ते वर्षभर, कधी जास्त. गरज पडली तर पुन्हा करता येतं. मधल्या काळात फिजिओथेरपी सोडलीत तर पैसे वाया.

रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. कळ गुडघ्याखाली जात असेल तर हा उपाय बहुधा त्यांच्यासाठी नाही. आणि लघवीवरचा ताबा गेला किंवा पायातली ताकद कमी होत गेली, तर आरएफच्या तारखेची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.