‘अध्यारोपण खरे का?’ असे विचारण्यापूर्वी

नाशिक

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

क्वांटम अध्यारोपणाची अवस्था, म्हणजे एकाच कणात दोन पर्यायी अवस्थांची बेरीज, निसर्गात खरोखर असते, की ते केवळ आपल्या अज्ञानाचे गणिती रूप आहे, असे तू विचारले आहेस. काल संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी, फिरताना रामकुंडातल्या दोन लाटा एकमेकींतून आरपार गेलेल्या पाहिल्या आणि तुझे पत्र आठवले.

आधी प्रश्नच तपासू. फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण. 45 अंशांत ध्रुवित केलेला, म्हणजे कंपनाची दिशा त्या कोनात असलेला, फोटॉन म्हणजे आडव्या आणि उभ्या अवस्थांचे अध्यारोपण, असे आपण म्हणतो. पण 45 अंशांतच धरलेल्या आदर्श पोलरॉइडमधून (एकाच दिशेचे कंपन पार सोडणाऱ्या गाळणीतून) तो दर वेळी पार जातो, म्हणजे त्या दिशेपुरते त्याच्याविषयी काहीच अनिश्चित नसते. अध्यारोपण ही अवस्थेची अंगभूत खूण नव्हे; आपण निवडलेल्या दिशांच्या भाषेत केलेले ते तिचे वर्णन आहे. म्हणून प्रश्न असा मांड: ही अवस्था खरी आहे का?

‘फोटॉन आडवा किंवा उभा असतोच, आपल्याला ठाऊक नसते इतकेच’ हे उत्तर मात्र टिकत नाही. तसे असते तर 45 अंशांच्या पोलरॉइडमधून सरासरी निम्मेच फोटॉन गेले असते. आडव्या आणि उभ्या पोलरॉइडच्या मधे तिसरा तिरका धरून अंधारातून प्रकाश आलेला तू पाहिला असशील. पण तेवढ्यावर विसंबू नकोस, कारण तो परिणाम प्रकाशाच्या जुन्या तरंगसिद्धांतानेही समजावता येतो. खरा पुरावा फोटॉन एकेक करून सोडल्यावर मिळतो. 1986 मध्ये ग्रँजिए, रोजे आणि आस्पे या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले की अर्धपारदर्शक आरशावर आलेला एकटा फोटॉन दोन्ही वाटांवरच्या शोधक उपकरणांत एकाच वेळी नोंदला जात नाही, आणि तरीही दोन्ही वाटा पुन्हा एकत्र आणल्या की व्यतिकरण, म्हणजे लाटांसारखे एकमेकांना वाढवणे किंवा पुसणे, दिसते. हे मी कितीही वेळा शिकवले असले, तरी दर वेळी थोडा थांबतो.

यावरून अवस्था ही वस्तूच आहे असे सिद्ध होते का? 2012 मध्ये प्यूसी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांनी एक प्रमेय प्रसिद्ध केले: निरीक्षकाविना अस्तित्वात असलेले काही वास्तव आहे आणि स्वतंत्रपणे तयार केलेल्या प्रणालींची वास्तवे स्वतंत्र आहेत, असे मानले, तर क्वांटम अवस्था केवळ माहिती असू शकत नाही. ही दोन्ही गृहीतके वहीत ठळक लिहून ठेव, कारण अवस्थेला केवळ निरीक्षकाची अपेक्षा मानणारे पहिल्यावरच बोट ठेवतात.

माझा कल अवस्था खरी मानण्याकडे आहे, पण एक अडचण मला अजून सतावते. रामकुंडातली लाट आपल्याच अवकाशात असते, तर दोन कणांचे तरंगफलन, म्हणजे त्यांची अवस्था सांगणारे गणिती फलन, सहा मितींच्या अवकाशात मांडावे लागते आणि कणागणिक तीन मिती वाढतात. ते खरे असेल तर नेमके कुठे आहे, याचे मला समाधान देणारे उत्तर अद्याप सापडलेले नाही.

तू एवढ्यात कोणताही पक्ष घेऊ नकोस. त्या प्रमेयातले दोन क्युबिटांचे (दोनच मूळ अवस्था असलेल्या क्वांटम प्रणालींचे) उदाहरण आधी स्वतः सोडव, आणि स्वातंत्र्याचे गृहीतक नेमके कोणत्या ओळीत वापरले गेले तिथे खूण करून वही मला दाखव.

तुझा,
सर