दिंडोरीजवळ द्राक्षबागेत काम करतो. रक्तात बुरशीविरुद्ध अँटिबॉडी निघाल्या. बुरशीचा संसर्ग झालाय का?
नुसत्या अँटिबॉडीवरून तसं म्हणता येत नाही. बुरशीच्या पेशीभित्तिकेतल्या बीटा-ग्लुकान, मॅनान या शर्करांविरुद्धच्या अँटिबॉडी धडधाकट माणसांतही सापडतात. कॅन्डिडा ही बुरशी बहुतेकांच्या आतड्यात मुक्कामालाच असते आणि अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे बीजाणू रोज श्वासातून आत जातात. बागेतले भुरी किंवा केवडा हे वेलींचे रोग माणसाला होत नाहीत. (केवडा तर खरी बुरशीही नव्हे, त्याच्या भित्तिकेत सेल्युलोज असतं.) मात्र पूर्वी टीबी होऊन फुफ्फुसात पोकळी राहिली असेल, खोकला महिनोन्‌महिने जात नसेल, वजन घटत असेल आणि रिपोर्टमध्ये अ‍ॅस्परजिलस आयजीजी (त्या बुरशीविरुद्धची एक अँटिबॉडी) वाढलेलं असेल, तर नाशिकला छातीच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. निदान स्कॅन आणि थुंकीच्या तपासणीसोबतच होतं. तोवर मेडिकलमधून स्वतःहून बुरशीवरच्या गोळ्या घेऊ नका, त्या लिव्हरला बाधू शकतात.