टाइमलाइन अडते, एक्सपोर्टला संगणक बंद पडतो

प्रश्न : नवरात्रातल्या गरब्याचे व्हिडिओ एडिट करतो. आय५-१०४००, ८ जीबीची एकच रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, जीटीएक्स १६५०. कॅमेऱ्याची ४के, १०-बिट ४:२:२ फुटेज अडखळते, आणि दुपारी एक्सपोर्ट करताना संगणक एकदम बंद होतो. ग्राफिक्स कार्ड बदलू का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : इतक्यात नको. एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मधली ४:२:२, म्हणजे रंगांचा जास्त तपशील असलेली, फुटेज तुमचं कार्डही उलगडत नाही आणि प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्सही नाही. सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो. त्यामुळे आधी ७२०पी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवा, डीएनएक्सएचआर एलबी किंवा प्रोरेस प्रॉक्सी या फॉरमॅटमध्ये. एक्सपोर्ट मूळ फुटेजवरूनच होतो, दर्जा घटत नाही. हा उपाय फुकटातला.

मग रॅम : १६ जीबीच्या दोन पट्ट्या, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण) मिळेल. त्यानंतर एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान साठवण. जेन-४ची (नव्या, जास्त वेगाच्या पिढीची) घेतलीत तरी या प्रोसेसरवर ती जेन-३च्याच वेगाने चालेल. जादा पैसे कशाला?

बंद पडण्याचं दुखणं वेगळं. एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून एक्सपोर्ट करा. प्रोसेसरचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं तर कूलरची धूळ ब्लोअरने काढा (पंखा बोटाने धरून, नाहीतर बेअरिंग जातं), प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसून वाटाण्याएवढी नवी लावा, कूलरच्या चारही पिना नीट बसल्यात का पाहा. ७०-७५ लाच बंद पडला, तर संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. ओळखीच्याकडून चांगला ४५० वॅटचा आणून लावून बघा, मगच विकत घ्या.