काटकसर, निगुती आणि 'पुरवणं'

प्रश्न असा आहे : 'आम्ही घरात दोघंच. वर्षभरापासून कमी खर्चात, कमी वस्तूंत राहायचं ठरवलंय. सासूबाई त्याला चिक्कूपणा म्हणतात, आई काटकसर म्हणते आणि मी हिशेबाच्या वहीवर "मितव्ययी जीवन" असं लिहून ठेवलंय. पण ते वाचताना माझं वाटत नाही. नेमका शब्द कोणता? आणि काटकसरीतली कसर म्हणजे कपड्यांना लागते तीच का?'

आधी कसरीचं बघू. कपड्यांना, पुस्तकांना लागणारी कसर वेगळी. काटकसरीतली कसर अरबी 'कस्र'वरून आली. तिथे मूळ अर्थ मोडणे, तुटणे. त्यावरून गणितातला अपूर्णांक. आपल्याकडे ती उणीव, तूट या अर्थाने रुळली. 'कसर भरून काढली', 'कसर सोडली नाही' हे आपण रोज म्हणतो. आणि 'काट' म्हणजे काटछाटीतली काट, काटणं. म्हणजे शब्दाची दोन्ही अंगं कमी करण्याचीच. एकात कापणं, दुसऱ्यात उणं पडणं. गुजरातीत याचा सख्खा शेजारी 'करकसर' आहे, अर्थही तोच.

म्हणून काटकसर या शब्दावर टंचाईची सावली असते. सरकार खर्च आवरतं तेव्हा बातमीत 'काटकसरीचे उपाय' येतात. पाणी कमी पडलं की 'पाण्याची काटकसर करा' अशी पाटी लागते. तुमच्या आईचा शब्द चुकीचा मुळीच नाही, पण त्यातून 'आता कमी आहे, म्हणून आवरा' एवढंच कळतं. तुम्ही तर आपणहून ठरवलंय.

सासूबाईंच्या शब्दाबद्दल मात्र मला ठामपणे म्हणायचंय की तो इथे लागू होत नाही. चिक्कू, चेंगट, कंजूष, कवडीचुंबक हे सगळे शब्द दुसऱ्याने लावायचे आहेत. 'आम्ही सध्या काटकसर करतोय' असं माणूस सहज सांगतो. 'आम्ही सध्या कंजूषपणा करतोय' असं कुणी मनापासून म्हणत नाही. दुसरा फरक वाक्यरचनेतच दिसतो. काटकसर कशात, कशाची, असं विचारतात : विजेत, तेलाची, प्रवासखर्चात. कंजूषपणा कुणाशी केला, असं विचारतात. पाहुण्याला अर्धा कप चहा, कामाच्या बाईंच्या पगारात खळखळ, हा कंजूषपणा. स्वतःच्याच गरजा आवरणाऱ्याला तो शब्द कसा लावणार? संस्कृतातल्या 'कृपण'चा मूळ अर्थ तर 'दीन, कीव करावी असा' आहे. कृपा आणि कृपण एकाच धातूची लेकरं. गीतेतल्या 'कृपणाः फलहेतवः'मध्ये तो दीन या अर्थानेच येतो. पुढे तो पैसा धरून बसणाऱ्याला चिकटला.

'मितव्ययी'ची घडण निर्दोष आहे. मित म्हणजे मोजलेला. मिताहार, मितभाषी आपण सहज वापरतो. पण मितव्यय निबंधात राहिला, स्वयंपाकघरात आला नाही, म्हणून तो तुम्हाला परका वाटतो.

मग घरातला शब्द कोणता? माझ्या मते तो नाम नाहीच. एक क्रियापद आहे आणि एक क्रियाविशेषण.

क्रियापद 'पुरवणं'. 'एवढंच तूप आहे, रविवारपर्यंत पुरव.' 'लाडू पुरवून पुरवून खा.' पुरवणं म्हणजे देणं, पोचवणं हा अर्थ आहेच (पुरवठा त्यातलाच). पण घरात त्याचा अर्थ आहे, आहे त्यात शेवटपर्यंत निभावून नेणं. काटकसरीत नजर किती कमी झालं यावर असते, पुरवण्यात किती दिवस टिकलं यावर. मला हा फरक फार मोठा वाटतो.

माझी आजी नऊवारी नेसायची. लुगडं नेहमी मधेच विरायचं, बसण्याउठण्याने; दोन्ही टोकं शाबूत. ती विरलेला भाग कापून काढायची आणि चांगले दोन तुकडे एकमेकांना जोडायची. त्या जोडाला दांड म्हणतात, काही भागांत दंड. दांड घातलेलं लुगडं थोडं आखूड व्हायचं, पण वर्षभर जायचं. दांड कुठे आला ते निरीत झाकून जाई. मी लहानपणी ती शिवण बोटाने चाचपत असे. टाके इतके बारीक की नखालाच लागत. पुढे तेही जुनेर झालं की त्याची वाकळ. दांड, जुनेर, वाकळ : एका कापडाच्या आयुष्यासाठी भाषेने तीन शब्द सांभाळलेत.

आणि त्या बारीक टाक्यांना शोभणारा शब्द म्हणजे 'निगुतीने'. निगुतीने करणं म्हणजे नीट, मन लावून, काही वाया जाऊ न देता करणं. 'तिने संसार निगुतीने केला' या वाक्यात पैसे थोडे होते की फार, याचा उल्लेखच नाही. 'टुकीने' हाही जवळचाच, त्यात कौशल्याची छटा जास्त. निगुतीला काटकसरीसारखी सावली नाही आणि मितव्ययासारखी इस्त्रीही नाही. तुमच्या वहीवर मी हाच लिहीन.

'बेताने'ही चालेल, जरा सांभाळून. शिंपी कापड बेततो, म्हणजे मापाला धरून कापतो. तेच माप 'बेताने खर्च कर'मध्ये आहे. मात्र 'परिस्थिती बेताची' म्हटलं की लगेच गरिबी आली.

तुम्ही विचारला नाहीत, तरी एक शब्द देते, कारण तो सुंदर आहे आणि वापरातून चाललाय : बेगमी. पावसाळ्याआधी तांदूळ, डाळ, तिखट, पापड भरून ठेवायचे. तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा, कीड लागू नये म्हणून. ही वर्षाची बेगमी. शब्द फारसीतून आला : बे म्हणजे विना, गम म्हणजे दुःख, चिंता. बेगमी म्हणजे मुळात निश्चिंती. डब्यांनी भरलेल्या फडताळाला आपल्या बायकांनी निश्चिंतीचं नाव दिलं! दोघांच्या घराला थोडकी बेगमीही पुरते.

आता तुमच्या 'आपणहून' या मुद्द्यासाठी तुकोबांची ओळ :

जोडोनियां धन उत्तम वेव्हारें ।
उदास विचारें वेच करी ॥

वेच म्हणजे खर्च. आणि इथला उदास म्हणजे खिन्न नव्हे, तर अनासक्त, न गुंतलेला. आजच्या अर्थाने वाचलं तर तोंड पाडून पैसे मोजणारा माणूस डोळ्यांपुढे येतो आणि ओळीचा जीवच जातो. धन जोडायला तुकोबांची ना नाही, फक्त व्यवहार उत्तम हवा आणि खर्च करताना हाताला ओढ नको.

सासूबाईंना सांगताना 'आम्ही कमी खर्च करतो' असं सांगू नका. 'आम्ही आहे ते पुरवून वापरतो' असं म्हणून बघा. त्यांच्या आईने हे वाक्य त्यांना कितीदा तरी ऐकवलेलं असेल.