पऱ्हाट्या खड्ड्यात का कुजत नाहीत?

प्रश्न : नमस्कार सर, या वेळी पऱ्हाट्या (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या झाडाच्या काड्या) जाळल्या नाहीत, उपटून अख्ख्याच खड्ड्यात भरल्या, वरून शेण आणि दुकानातून आणलेली ट्रायकोडर्माची पुडी टाकली. वर्ष होत आलं, पाला तेवढा कुजला अन् काड्या जशाच्या तशा. पुडी डुप्लिकेट होती का?
– एक वाचक, काटोल (जि. नागपूर)

उत्तर : भाऊ, पुडी ओरिजिनल असती तरी फार फरक पडला नसता. ट्रायकोडर्मा ही बुरशी सेल्युलोज, म्हणजे झाडातला धाग्यांचा भाग, खाण्यात पटाईत आहे. दुसऱ्या महायुद्धात सोलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे कापडी तंबू कुजत होते ते ह्याच खानदानातल्या बुरशीमुळे, आणि तिच्याच वंशातून आज कारखान्यात सेल्युलेज हे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम काढतात, जीन्सला जुना लूक देतात तेसुद्धा त्यानेच. पण तो तंबू होता सुती, आणि कापूस म्हणजे 90 टक्क्यांच्या वर सेल्युलोज, लिग्निन, म्हणजे लाकडाला कडक करणारा पदार्थ, जवळपास नाहीच. त्याच झाडाची काडी मात्र अर्धं लाकूड असते, स्लॅबमध्ये सळईभोवती सिमेंट असतं तसं सेल्युलोजभोवती लिग्निन घट्ट बसलेलं.

आता हे लिग्निन फोडणारी मंडळी वेगळी. जंगलात पडलेलं एखादं खोड पांढरं, मऊ, धाग्याधाग्याचं झालेलं बघितलं असेल, ते ह्या पांढऱ्या कुजेच्या बुरशींचं काम. लिग्निनची रचना इतकी अस्ताव्यस्त की ठरावीक जोड पकडून तोडणारं एन्झाइम तिथे चालतच नाही, म्हणून ह्या बुरशी त्याचं ऑक्सिडेशन करून तुकडे पाडतात (फॅनेरोकीट नावाच्या बुरशीतलं असं एन्झाइम 1983 साली जगासमोर आलं), आणि गंमत म्हणजे लिग्निनवर त्यांचं पोट भरत नाही, आतल्या सेल्युलोजपर्यंत पोचायला एवढा खटाटोप. पण ह्याला ऑक्सिजन पाहिजे. ठासून भरलेल्या, पावसाळ्यात पाणी साचलेल्या खड्ड्यात तो कुठून येणार?

म्हणून आधी पऱ्हाट्या श्रेडरमधून बारीक करा, माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. मग खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग लावा, शेणकाला आणि थोडा युरिया द्या कारण काडीत कार्बन भरपूर आणि नायट्रोजन नावाला, आणि अधूनमधून पलटी मारा. मूठभर माल पिळला की हात ओला व्हावा, पाणी गळू नये. आपल्या मे महिन्यात ढीग बघता बघता सुकतो, तेव्हा सावली नाहीतर झाकण हवंच. धिंगरी अळिंबी पण पांढऱ्या कुजेचीच बुरशी बरं का, बारीक केलेल्या पऱ्हाटीवर ती घेता येते आणि उरलेला चोथा नंतर लवकर कुजतो. काहीही करा, अख्ख्या पऱ्हाट्या धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यातल्या वाळक्या बोंडांत मुक्काम करते.

प्रश्न : मग पऱ्हाट्या गोबरगॅसमध्ये टाकल्या तर?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : नका टाकू. तिथे हवा नसते, त्यामुळे लिग्निन तसंच राहतं, गॅस फारसा मिळत नाही आणि काड्या वर तरंगून थर धरतात तो काढायची मेहनत वेगळी.