धुळ्यात फ्लॅटमध्ये राहतो. ११ वर्षांच्या मुलासाठी पहिला ड्रम सेट पाच ड्रमचा घ्यावा की सातचा?

भाऊ, देवपूरला तिसरा मजला, बजेट ३० हजार आणि मुलाने ड्रम कधी हातात धरलेला नाही, एवढं तुम्ही लिहिलंय. त्यावरून सांगतो. पाच की सात हा विचार आत्ता सोडून द्या. सुरुवातीचं वर्ष-दीड वर्ष पोरगं स्नेअर (समोरचा चपटा, खरखर वाजणारा ड्रम), बास (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि हाय-हॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) एवढ्यावरच हात-पाय बसवत राहणार. वरचे टॉम, म्हणजे बासच्या वर आणि बाजूला बसवलेले ड्रम, तोवर धूळ खातात.

माझा पहिला सेट मी अमळनेरला एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुना घेतला होता. लालभडक, चकचकीत, पाच ड्रम. मला वाटलं घबाड हाती लागलं. घरी आणून वाजवला तेव्हा क्रॅशच्या, म्हणजे जोरात ठोकायच्या झांजेच्या, कडेला नखाएवढी चीर दिसली. महिन्याभरात ती बोटभर झाली आणि काठी मारली की जेवणाची ताटली पडल्यासारखा आवाज यायला लागला. बास वाजवायच्या पेडलची स्प्रिंग गेलेली होती, तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून दिवस काढले. बसायला प्लास्टिकची खुर्ची, त्यामुळे पाठ धरायची ती वेगळीच. वर शेजारचे आबा रोज भिंतीपलीकडून ओरडायचे, "कितला आवाज करस रे भो!"

तेव्हापासून कोणी विचारलं की मी आधी झांजा, पेडल आणि स्टूल बघायला सांगतो. स्टूल ड्रमचंच घ्या, गोल फिरवून उंची कमी-जास्त करता येणारं. स्वस्त सेटबरोबर येणाऱ्या झांजा बहुतेक पितळेच्या असतात, डब्याच्या झाकणासारख्या वाजतात. काशाच्या झांजांत ८ टक्के कथील असलेल्या शिकणाऱ्याला पुरेशा आहेत. २० टक्केवाल्या महाग पडतात, त्या पुढे बघू. हाय-हॅट १४ इंची, क्रॅश १६, राइड (ताल धरायची मोठी झांज) २० हे नेहमीचं माप. लाकडाचं म्हणाल तर स्वस्तातलं पॉप्लर चालेल, महागड्या मेपलच्या नादी लागू नका. तेवढ्याच पैशात ड्रमच्या तोंडावर ताणलेली प्लास्टिकची पानं चांगली टाकलीत तर आवाजात जास्त फरक पडतो.

ऑनलाइन घेताना एक फसगत हमखास होते. 'फाइव्ह पीस' म्हणजे फक्त पाच ड्रम, झांजा त्यात मोजत नाहीत. 'शेल पॅक' लिहिलं असेल तर झांजाच काय, स्टँड, पेडल, स्टूल यातलंही बरंचसं नसतं. खोक्यात काय-काय येणार ते ओळ न् ओळ वाचा.

आता तुमचा तिसरा मजला. खरे ड्रम तिथे वाजवलेत तर सोसायटीची मीटिंग तुमच्यावरच भरेल. तुम्हाला इलेक्ट्रॉनिकच बरा. जाळीची पानं असलेला घ्या, रबरी पॅडवर काठी वेगळीच उसळते. निदान स्नेअर तरी जाळीचा हवा. हेडफोन लावला तरी बासच्या पेडलची धाडधाड स्लॅबमधून खाली जातेच, तेव्हा खाली जाड रबरी मॅट आणि त्यावर सतरंजी टाका. गावाकडे मळ्यात घर असेल तर खरा सेट तिथे ठेवता येईल. बास २२ इंचाऐवजी १८ किंवा २० चा घ्या, ११ वर्षांच्या पोराला बेताचा. पण मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडचं ऊन तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जुना मिळत असेल तर झांजेच्या कडेवरून बोट फिरवून चीर तपासा, पेडल दाबून सोडा आणि ड्रमची चावी लावून प्रत्येक स्क्रू फिरतो का बघा. एखादा नुसताच गरगर फिरला तर त्याचे आटे गेलेत.

आणि हे सगळं दोन महिन्यांनी. आज फक्त एक प्रॅक्टिस पॅड (काठीने सराव करायची रबरी चकती) आणि ७ए या मापाच्या, पातळ-हलक्या काठ्यांची जोडी आणा. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं ॲप, मिनिटाला ६० वर लावा, उजवा-डावा, उजवा-डावा, रोज वीस मिनिटं. दिवाळीपर्यंत न सांगता बसत असेल तर मला इथेच लिहा, मॉडेल बघून सांगतो.