पंचाहत्तर इंची पॅनेल राहू द्या, आधी ती पॉलिसी दाखवा बघू

कराडहून एका ताईंचं पत्र आलंय. वय 39, घरच्याच हॉलमध्ये अकरावी-बारावीचे मॅथ्सचे क्लास घेतात, 34 मुलं, खर्च जाऊन वर्षाला 6 लाख हातात राहतात. आता पाटण-ढेबेवाडीकडच्या मुलांना तीच बॅच ऑनलाइन द्यायची आहे. डीलरचं कोटेशन 2 लाख 85 हजार : 75 इंची टच पॅनेल, शिकवणाऱ्याच्या मागे फिरणारा कॅमेरा, छताचे माइक, नवा लॅपटॉप. हप्ता 9,800, 36 महिने. घेऊ का, असं विचारलंय. आणि अगदी शेवटी एक ओळ, "जूनची फी पॉलिसीच्या हप्त्यात जाते म्हणून ईएमआय, नाहीतर पॉलिसीवरच लोन काढू का?"

ताई, पॅनेलचं पटकन संपवतो. ढेबेवाडीचा मुलगा तुम्हाला सहा इंची मोबाइलवर बघणार, तिकडे तुमचं 75 इंची पॅनेल काडेपेटीएवढं दिसणार. त्याला दोनच गोष्टी लागतात, तुमचा आवाज आणि स्वच्छ अक्षर. कॉलरला लावायचा वायरलेस माइक 3 हजार, लॅपटॉपला जोडायचा पेन टॅबलेट 5 हजार, स्टँड आणि लाइट अडीच हजार, लाईट गेली तरी राउटर चालू राहावा म्हणून छोटा यूपीएस 2 हजार. झाले साडेबारा हजार. कॅमेरा म्हणून जुना मोबाइल चालतो, लॉकडाउनमध्ये कुकरला टेकवून शिकवलंत असं तुम्हीच लिहिलंय. फुकटचं झूम 40 मिनिटांत बंद पडतं, तेवढा पेड प्लॅन घ्या. आणि हॉलमधल्या मुलाने शंका विचारली की ती माइकमध्ये स्वतः परत बोला, छताला कितीही माइक लावले तरी पंख्याच्या आवाजात मागच्या बाकावरचं पोरगं ऑनलाइनवाल्यांना नीट ऐकू येत नाही.

हप्त्याचं व्याज 8 टक्के फ्लॅट म्हणे, म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच. खरा दर साडेचौदाच्या आसपास पडतो, 36 हप्त्यांत साडेतीन लाख जातील. पत्रातलं "60 मुलं ऑनलाइन येतील" हे गणित कोणी केलं, डीलरने का? पहिल्या वर्षी 8 धरा, जास्त आली तर पेढे वाटा.

आता पॉलिसी. आईची एफडी मॅच्युअर झाली तेव्हा बँकेतल्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) "एफडीपेक्षा भारी, गॅरंटीड डबल, वर टॅक्स वाचतो" म्हणून दिलेली. दीड लाख दरवर्षी, 10 वर्षं, विसाव्या वर्षी 30 लाख. दोन हप्ते भरून झाले. म्हणजे 34 पोरांच्या आईबापांनी वर्षभर शिकवण्यासाठी आगाऊ दिलेल्या पैशातले दीड लाख तुम्ही जूनमध्येच 20 वर्षांसाठी कुलपात टाकता, आणि मग शिकवायला माइक घ्यायचा तर कर्ज. शाळेत कोणी असं उदाहरण सोडवलं असतं तर तुम्ही लाल रेघ मारली असती की!

डबलचंही बघा. हप्ते दहा वर्षांत विखुरलेत, म्हणजे सरासरी एकेक रुपया साडेपंधरा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट व्हायला किती दर लागला हे ढोबळ काढायचं तर 72 ला वर्षांनी भागायचं : 72 भागिले साडेपंधरा, साडेचार टक्क्यांच्या आसपास. पीपीएफ सध्या 7.1 देतं. टॅक्सचं तर विचारूच नका, नव्या करपद्धतीत 80सी, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरची सूट, मिळत नाही आणि 12 लाखांपर्यंत टॅक्सच लागत नाही, तुमचं उत्पन्न 6 लाख, वाचलं काय मग? हे आरएमला माहीत नसेल असं मला वाटत नाही. आणि कव्हर, म्हणजे तुमच्यामागे घरच्यांना मिळणारे पैसे, किती, 15 लाख. घराचं लोनच 11 लाख बाकी आहे तुमचं.

बंद केली तर भरलेल्या 3 लाखांतले कदाचित सव्वा लाखच परत मिळतील. हे दुखणार, मान्य. पण पुढचं बघा, उरलेले आठ हप्ते तुम्ही पीपीएफमध्ये टाकलेत तर आजच्या दराने त्याच विसाव्या वर्षी 32 लाखांच्या आसपास होतात. दर थोडा उतरला तर बरोबरी होईल, पण सव्वा लाख वर आजच मोकळे झाले, त्यातून सगळा सेटअप रोखीने येऊन लाखभर उरतात. ते उरलेले बँकेत वेगळे ठेवा, क्लास म्हणजे एप्रिल-मे कोरडेच. पॉलिसीवरचं लोन मात्र नको, ते सरेंडर व्हॅल्यूवरच, म्हणजे आज बंद केली तर जे मिळेल त्यावरच मिळतं आणि पॉलिसी चालू ठेवायला दीड लाखाचा हप्ता मानेवर तसाच.

क्रम चुकवू नका. आधी स्वतःच्या नावावर साधा टर्म प्लॅन (बचत नसलेला, नुसता विमा) घ्या, किमान 50 लाखांचा, वर्षाला दहा हजारांच्या आसपास बसेल, सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी पण नाही. तब्येतीची माहिती खरी भरा. तो हातात आला की मगच कंपनीला ईमेल करून सरेंडर आणि पेडअप (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवणं) दोन्हीचे आकडे लेखी मागवा, माझा सव्वा लाख अंदाजाचा आहे, तुमचा आकडा वेगळा निघू शकतो. पेडअपचा फारच बरा निघाला तर मला परत लिहा.

आणि तो ईमेल थेट कंपनीला करा, ब्रँचमध्ये जाऊन विचारू नका. आरएम चहा मागवेल, आणि तुम्ही तिसरा हप्ता भरून घरी याल.